स्पायडरमागे ट्रेलर: ओढण्याचं सोडा, थांबण्याचं बघा

नमस्कार. तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मुलगा ओहायोत आहे, त्याने सेकंड हँड कॅन-ॲम स्पायडर आरटी घेतली आहे, म्हणजे पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली टूरिंग बाइक. जुलैत तो आणि सूनबाई तीवर यलोस्टोनला जाणार आहेत. डिकीत सामान मावत नाही म्हणून मागे ट्रेलर लावायचा विचार आहे. "बाबा, 115 हॉर्सपॉवरचं इंजिन आहे, एवढासा ट्रेलर कळणारसुद्धा नाही," असं तो म्हणतो आणि तुम्हाला नाशिकरोडला झोप लागत नाही. शेवटी तुम्ही जाता जाता हेही विचारलंय, की हे सुरक्षित असेल तर इथे आपल्या बुलेटला तीनचाकी करून मागे असाच ट्रेलर अंबडला कुणी बनवून देईल का.

मी बरीच वर्षं कॅनडात ओंटारिओला होतो. तिथे माझ्याकडे स्पायडर आरटीच होती आणि उन्हाळ्यात तिच्यामागे ट्रेलर असायचा. आता अंबड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं काम आहे, त्यात ट्रॉल्या आणि ट्रेलर नेहमीचेच. मुलाला खुशाल जाऊ द्या. पण हॉर्सपॉवर सांगून तो ज्या प्रश्नाचं उत्तर देतोय, तो प्रश्न कुणी विचारलेलाच नाही. इंजिन ओढेलच. रोटॅक्सचं 1330 सीसीचं तीन सिलिंडर इंजिन आहे ते, ट्रेलर त्याच्या खिजगणतीतही नाही. खरे प्रश्न दोन: मागच्या त्या एकुलत्या एक चाकावर किती भार पडतो, आणि सगळं मिळून थांबतं कुठे.

काही गोष्टी मला इथून सांगता येणार नाहीत. गाडी कुठल्या सालची, हिच (ट्रेलर जोडायचा गाडीमागचा लोखंडी जोड) कंपनीचा की बाहेरून बसवलेला, ट्रेलर एका चाकाचा की दोन, रिकाम्याचं वजन किती, सूनबाई मागे बसण्याला किती सरावलेल्या, यावर बरंच काही ठरतं. त्यामुळे खालचे आकडे दिशा म्हणून धरा. अंतिम शब्द त्याच्या गाडीच्या मॅन्युअलचा आणि हिचवर ठोकलेल्या पाटीचा. दोन्हीत फरक असेल तर जो आकडा कमी तो खरा. सगळ्या टूरिंग बाइकना ट्रेलर चालतो असंही नाही. होंडा आपल्या गोल्डविंगला ट्रेलर लावू नका असंच सांगते, तरी अमेरिकेत हजारो लोक लावतात ही गोष्ट वेगळी. स्पायडर आरटीचं तसं नाही. तिच्यासाठी कंपनीने स्वतःच 622 लिटरचा ट्रेलर काढला होता. मर्यादा साधारण 182 किलो, सामान आणि ट्रेलर मिळून, आणि हिचच्या बॉलवर, म्हणजे ज्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरचं तोंड बसतं त्यावर, येणारं उभं वजन सुमारे 18 किलो. "मिळून" हा शब्द लोक वाचत नाहीत. रिकामा ट्रेलरच शंभर किलोचा असेल तर सामानाला ऐंशी उरले. दोन माणसांचं कॅम्पिंगचं सामान, कूलर आणि पाण्याचे कॅन भरले की ऐंशी कधी झाले कळत नाही.

आता ते 18 किलो. तिथेच सगळी गोम आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिचचा बॉल मागच्या एक्सलच्याही मागे असतो, समजा 60 सेंटिमीटर. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण 1.7 मीटर. बॉलवर 18 किलो ठेवले की गाडी तरफेसारखी वागते. पुढच्या दोन चाकांवरचं सहाएक किलो वजन कमी होतं आणि मागच्या चाकावर 18 नाही तर 24 किलो वाढतं. एवढं चालतं. पण कुणी हौशीने जड कूलर ट्रेलरच्या अगदी तोंडाशी ठेवला आणि बॉलवर 45 किलो आले, तर पुढचं 16 किलोने हलकं आणि मागचा टायर 60 किलोने जड. मागे आधीच पिलियन, म्हणजे मागे बसलेलं माणूस, आणि भरलेल्या डिक्या आहेत. स्पायडरचा मागचा टायर तसाही लवकर झिजतो, मालक मंडळींची ती नेहमीची तक्रार असते. त्यात हा भार. शिवाय वळवायचं काम ज्या पुढच्या चाकांचं, तीच हलकी झालेली. हार्लेच्या ट्राय ग्लाइडसारख्या गाडीत मागे दोन चाकं असल्यामुळे भार वाटला जातो. स्पायडरला ती सोय नाही.

मग वजन मागे सरकवावं का? तर ते त्याहून वाईट. निफाडकडे बैलगाडीत ऊस भरताना ज्यांनी पाहिलंय त्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. माल मागे पडला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. इथे जू म्हणजे हिचचा बॉल. ट्रेलर उलाळ झाला की तो स्पायडरचं शेपूट वर उचलतो, म्हणजे ज्या एकाच चाकाला इंजिनाची ताकद मिळते तेच हलकं होतं. ओल्या रस्त्यावर ते चाक जागीच फिरायला लागतं. कोरड्या रस्त्यावर, वेग वाढला की ट्रेलर डुलायला लागतो.

कारवाल्यांचा नियम असा, की ट्रेलरच्या एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के वजन बॉलवर हवं. स्पायडरला हे जमवून बघा. ट्रेलर पूर्ण 182 किलो भरला तर 10 टक्के म्हणजेच 18. खालची मर्यादा आणि वरची मर्यादा एकाच आकड्यावर आली. इकडे तिकडे सरकायला जागाच नाही. वाटेत कूलरमधला बर्फ वितळला, पाणी सोडून दिलं, की हिशेब बिघडला. ट्रेलर 140 किलोवरच थांबवला तर मात्र 14 ते 18 अशी जागा मिळते. म्हणून मी 182 हा आकडा भरायला वापरतच नाही. माझी स्वतःची रेघ 140 ची. त्यावर जे उरतं ते घरी.

हे अंदाजाने करायचं नाही. बाथरूममधला वजनकाटा घ्यायचा, सपाट जमिनीवर ठेवायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा असा उभा करायचा की ट्रेलरचा कपलर, म्हणजे बॉलवर बसणारं त्याचं तोंड, बरोबर बॉलच्याच उंचीला टेकेल. ट्रेलर पूर्ण भरलेला, झाकण बंद, चाकांना अडण लावलेली. काट्यावर जो आकडा दिसेल तो बॉलवरचा भार. उंची चुकली, ट्रेलरचं तोंड वर किंवा खाली राहिलं, तर आकडाही खोटा येतो, म्हणून ठोकळ्याचं एवढं सांगतोय. मग झाकण उघडायचं आणि तंबूची पिशवी चार बोटं पुढे, स्टोव्हची पेटी चार बोटं मागे, असं करत आकडा जागेवर आणायचा. जड वस्तू एक्सलच्या किंचित पुढे आणि तळाला. झोपायच्या बॅगा, कपडे वर. आकडा जमला की आतला फोटो काढून ठेवायचा, कारण रस्त्यात तिसऱ्या मुक्कामाला सगळं बाहेर काढून परत भरताना कुणाला काही आठवत नाही. पट्ट्याने आवळायला विसरू नये. सैल पेटी पहिल्याच ब्रेकला पुढे येते आणि वजनकाट्याची सगळी मेहनत वाया.

ट्रेलर डुलायला लागला तर काय करायचं हे मुलाला आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी विचार करायला वेळ नसतो. थ्रॉटल हळू सोडायचा, हँडल सरळ धरून ठेवायचं, आणि हात चालवून डुलणं सावरायला जायचं नाही. आपला प्रत्येक झटका एका क्षणाने उशिरा पोहोचतो आणि डुलण्यात भर घालतो. जोरात ब्रेक तर नाहीच. वेग उतरला की डुलणं आपोआप बसतं. मग बाजूला घेऊन माल परत लावायचा. स्पायडरला स्टॅबिलिटी सिस्टिम आहे, ती गाडीच्या चाकांना वेगवेगळा ब्रेक लावू शकते, इंजिन आवरू शकते, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण ट्रेलरच्या चाकांना ब्रेकच नसतो, तिथे तिने काय करावं?

थांबण्याचा हिशेब कागदावर मांडतो. गाडी 460 किलोच्या आसपास, दोघं मिळून 150, झाले 610. ताशी 100 किलोमीटरवरून चांगल्या कोरड्या डांबरावर पूर्ण ब्रेक मारला तर साधारण 50 मीटरमध्ये थांबेल. आता मागे बिनब्रेकचा 180 किलोचा ट्रेलर लावा. वजन झालं 790, पण ब्रेक लावणारी चाकं तीच तीन. अंतर त्याच प्रमाणात वाढतं, म्हणजे 64 मीटरच्या आसपास. वरचे 14 मीटर म्हणजे पुढच्या ट्रकची अख्खी लांबी. त्यात प्रतिक्रियेला लागणारा वेळ धरलेलाच नाही. प्रत्यक्षात रस्ता, टायर, उतार यांनी आकडे हलतील, पण प्रमाण साधारण तेच राहील. 140 किलोवर थांबलात तर वाढही त्या मानाने कमी. म्हणून ट्रेलरसह जाताना पुढच्या गाडीपासून नेहमीपेक्षा दीडपट तरी अंतर ठेवायचं. अमेरिकेत ते ठेवता येतं. आपल्याकडे द्वारका चौकात एवढं अंतर ठेवलं तर मध्ये दोन रिक्षा घुसतील.

उतारावर वेग आधी कमी करायचा, मग खालचा गिअर. आरटीला सेमी ऑटोमॅटिक गिअर असतात, वर बटणाने टाकायचे, खाली गाडी आपोआपही येते. पण लांब उतारावर तिच्यावर सोडून चालत नाही, स्वतः टाकून इंजिन ब्रेकिंग घ्यावं. कसारा घाट उतरताना ट्रकवाले जे करतात तेच. यलोस्टोनच्या ईशान्य दारातून बाहेर पडून मुलगा बेअरटूथ हायवेला जाणार असेल, आणि स्पायडर घेतलेला माणूस जाणारच, तर ती खिंड 3337 मीटरवर आहे. आपल्या कळसूबाईच्या दुपटीहून उंच. मी असतो तर त्या दिवशी ट्रेलर मुक्कामाच्या ठिकाणी कुलूप लावून ठेवला असता आणि मोकळ्या गाडीने वळणांची मजा घेतली असती.

आता ट्रेलरच्या चाकांकडे या, कारण वाटेत घोटाळा झाला तर बहुधा तिथेच होतो. या ट्रेलरना 8 किंवा 12 इंची चाकं असतात. ताशी 100 च्या वेगाला 8 इंची चाक मिनिटाला सुमारे 1300 फेरे फिरतं, 12 इंची हजाराच्या आसपास. बेअरिंग तापतात ते यामुळे. दर थांब्याला, उतरल्या उतरल्या, दोन्ही हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या भागाजवळ, हाताची मागची बाजू न्यायची. कोमट असेल तर ठीक. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम लागलं, किंवा हात ठेववत नसेल, तर पुढे निघायचं नाही. सेकंड हँड ट्रेलर असेल तर निघण्याआधीच बेअरिंग उघडून, धुऊन, नवीन ग्रीस भरून घ्यावं, आधीचा मालक काहीही म्हणो. टायरही जुना नक्षीदार पण कडक झालेला नको. तिथल्या ट्रेलरच्या टायरवर वेगाचं अक्षर नसेल तर तो ताशी 65 मैलांसाठी धरतात, म्हणजे 104 किलोमीटर. आणि साऊथ डकोटातल्या आय-90 हायवेची मर्यादा आहे 80 मैल. रस्ता परवानगी देतो, टायर देत नाही. उजव्या लेनमध्ये शांतपणे जायचं, मागचे ओव्हरटेक करून जातील. कॅलिफोर्नियापर्यंत मजल मारणार असतील तर तिथे ट्रेलर ओढणाऱ्या वाहनाला कायद्यानेच 55 मैलांची मर्यादा आहे. एक स्टेपनी मात्र नक्की न्यावी. 8 इंची टायर वायोमिंगमधल्या छोट्या गावात मिळेलच याचा भरवसा नाही.

वायोमिंगचं नाव निघालंच आहे तर वाऱ्याचं सांगतो. लॅरमी ते रॉलिन्स हा आय-80 चा पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे, हलक्या आणि उंच गाड्यांना तिथे कधीकधी बंदीसुद्धा घालतात. उन्हाळ्यात परिस्थिती बरी असते, तरी ट्रेलर रिकामा किंवा अर्धा असेल तर आडवा वारा त्याला जास्त ढकलतो. जोराचा वारा सुटला असेल तर पेट्रोल पंपावर बसून कॉफी प्यायची. सकाळी लवकर निघण्याने हा बराचसा त्रास टळतो.

हिच आणि वायरिंग थोडक्यात. तीनचाकी गाडी वळणावर झुकत नाही, त्यामुळे दुचाकीला लागतो तसा गोल फिरणारा कपलर सक्तीचा नाही. असेल तर बिघडत नाही. बॉलचा आकार आणि कपलरचा आकार एकच असला पाहिजे, बाइकच्या हिचवर बहुधा 1⅞ इंची बॉल असतो आणि त्यावर 2 इंची कपलर वरवर बसल्यासारखा वाटतो, तीच फसवणूक. सेफ्टी चेन ट्रेलरच्या दांड्याखालून एकमेकींना फुली मारून लावायच्या, म्हणजे कपलर निसटला तरी दांडा जमिनीवर न आपटता चेनवर झेलला जाईल. लाइटची वायर गाडीच्या मागच्या दिव्यांना थेट जोडू नये. गाडीची इलेक्ट्रॉनिक्स नाजूक असते, मध्ये आयसोलेटर, म्हणजे दोन्हीकडची वायरिंग वेगळी ठेवणारी छोटी डबी, हवाच. पहिल्या 50 मैलांनंतर थांबून चाकांचे नट आणि हिचचे बोल्ट पाना लावून परत बघायचे.

स्पायडरला रिव्हर्स गिअर आहे, पण आखूड दांड्याचा ट्रेलर रिव्हर्समध्ये पापणी लवायच्या आत दुमडतो. मी तर सरळ ट्रेलर सोडवायचो, हाताने फिरवायचो आणि परत जोडायचो. पंपावर आरपार निघता येईल अशीच जागा बघायची. वळताना ट्रेलर आतून कापतो, कोपऱ्यावर फुटपाथला चाक घासतं. आणि एक खास तिथलं: यलोस्टोन हा अस्वलांचा मुलूख. खाण्याचं सामान रात्री ट्रेलरच्या फायबर झाकणाखाली ठेवून चालत नाही, कॅम्पसाइटवर लोखंडी पेट्या असतात त्यात ठेवावं लागतं. सूनबाईंनी चकल्या नेल्या असतील तर त्याही.

निघायच्या आधी एका रविवारी, पूर्ण भरलेल्या ट्रेलरसह आणि सूनबाई मागे बसलेल्या असताना, मुलाने रिकाम्या पार्किंगमध्ये तासभर घालवावा. ताशी 40 वरून जोरात ब्रेक, दोन्ही बाजूंना यू-टर्न, मग थोडं हायवेवर. हे न करता थेट निघणार असेल तर माझं मघाचं "खुशाल जाऊ द्या" मी परत घेतो.

आता तुमच्या बुलेटचं. अंबडला वेल्डिंग करून द्यायला कुणीतरी तयार होईल, मी होणार नाही. मोटार वाहन कायदा 1988 मध्ये मोटारसायकल म्हणजे दुचाकी वाहन, सुटी जोडता येणारी साइडकार धरून. बुलेटला मागे दोन चाकं लावून तीनचाकी केली की ती आरसी बुकातली गाडी राहत नाही. कलम 52 कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू देत नाही, आणि 2019 च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही तेच ठासून सांगितलंय. ट्रेलर हे कायद्याने वेगळं वाहन, त्याचा नमुना मान्य करून घ्यावा लागतो, त्याची नोंदणी लागते. पेठ रोडच्या आरटीओत घरी जोडलेली बुलेट आणि घरी जोडलेला ट्रेलर घेऊन गेलात तर काय होईल ते तुम्हीच ताडा. त्याहून मोठी काळजी विम्याची. अपघात झाला, समोरच्याला लागलं, आणि विमा कंपनीने बदललेली गाडी म्हणून हात वर केले तर भरपाई तुमच्या खिशातून.

कायदा बाजूला ठेवला तरी इथल्या रस्त्यांवर मला ते पटत नाही. दुचाकी खड्डा चुकवते, कार खड्डा दोन चाकांमध्ये घेते. तीनचाकी गाडीला डावी, मधली, उजवी अशा तीन रेघा असतात, एक तरी चाक खड्ड्यात जातंच. त्यात पावसाळ्यात त्र्यंबक रोडला मागे अजून दोन छोटी चाकं. समृद्धीवर तर दुचाकी-तीनचाकीला प्रवेशच नाही, त्यामुळे मोकळा चांगला रस्ता मिळेल ही आशाही नको. तुम्हाला काकूंना घेऊन सापुताऱ्याला जायचं असेल तर बुलेटला चांगलं कॅरिअर आणि दोन्ही बाजूंच्या बॅगा बसवून घ्या, पुरतं तेवढं.

मुलाकडून तीन फोटो मागवा: हिचवरची पाटी, ट्रेलरच्या टायरच्या बाजूवरची अक्षरं, आणि भरलेला ट्रेलर ठोकळ्यासह काट्यावर असतानाचा आकडा. इथेच टाका, मी बघून सांगतो.